पांढरा साका

"दीदी, ये तो सफेद हो गया."

सुकवाराने बाटली माझ्या तोंडासमोर धरली. मी ती घेतली, हलवली, साका पुन्हा खाली बसू दिला. पांढराच. नासलेल्या दुधासारखा पांढरा.

"औषध खराब झालं असेल," मी म्हटलं. माझं मलाच ते पटलं नाही.

"वही दवा पचरी वाली बोतल में भी डाले हैं दीदी. वो तो भूरी आई."

पचरी म्हणजे तलावाच्या पायऱ्या, भूरी म्हणजे तपकिरी. तिथलं पाणी ठीक होतं. पिंपळाखालच्या कोपऱ्यातलं, तेही तळाचं पाणी, तेवढं पांढरं. राखीची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी या तलावावर भोजली शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, सगळा पारा, सगळी वस्ती येणार होती. आणि त्याच दिवशी आमच्या कामाला पैसे देणाऱ्या, इथेच जवळ फॅक्टरी असलेल्या कंपनीचे मोठे साहेब व्हिजिटला येणार होते. मी चप्पल काढून तलावाच्या काठावर फेऱ्या मारायला लागले. एका जागी उभं राहून मला विचार करता येत नाही. चहा उकळेपर्यंतसुद्धा मी गॅसजवळ थांबत नाही.

हा साका काय प्रकार आहे ते आधी सांगते. पाण्यात हवा विरघळलेली असते. मासे तीच घेऊन जगतात. आम्ही तिला डीओ म्हणतो, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन. तो बघायला बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन औषधं सोडायची. ऑक्सिजन असला तर तळाशी तपकिरी साका बसतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. अजिबात नसला तर साका पांढरा. पुढे नेमका आकडा काढायचीही रीत आहे, पण पांढऱ्याला आकडा लागत नाही.

मी मूळची गोंदियाची. नवऱ्याची रेल्वेतली बदली रायपूरला झाली तशी मीही आले. गाव नुकतंच राजधानी झालं होतं, जिकडे तिकडे खोदकाम चाललेलं. पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आणि मग एका संस्थेत गेले. तिथलं काम म्हणजे रायपूरला लागूनच्या बीरगांवच्या, शाळा सुटलेल्या पोरापोरींना पर्यावरण शिकवायचं. फळ्यावर नाही, हातांनी. पाणी तपासा, कचरा वेगळा करा, खताचा खड्डा भरा, रोपं लावा. त्यांचे आईबाप उरला भागातल्या कारखान्यांत कामाला. घरात सकाळी पुसलेलं ताट दुपारी काळं होतं, हे पर्यावरण त्या पोरांना मी शिकवायची गरज नव्हती. ते तपासायचं कसं, एवढंच माझ्याकडे होतं.

बॅचमधली सगळ्यात हुशार सुकवारा निषाद. आठवीनंतर घरी बसलेली. तळाचं पाणी आणायला बाटलीला वीट बांधून बुचाला दोरी लावायची युक्ती तिचीच. बाटली खाली सोडायची आणि तळाला गेली की दोरी ओढून बूच उघडायचं. लॅबमध्ये त्यासाठी महागडं यंत्र असतं. आम्ही विटेवर भागवलं.

तिचे वडील, निषाद काका, मासेमारांच्या समितीचे प्रमुख. तलाव समितीकडे लीजवर होता. रोहू, कतला सोडलेले. वर्षभराची सगळी आशा त्या पाण्यात. त्या वर्षी तलाव जलपर्णीने असा झाकला होता की त्यावरून चालत जावं. बायकांनी ओरड केली, भोजली शिरवायची कुठे? भोजली म्हणजे टोपलीत, अंधारात वाढवलेले गव्हाचे पिवळे कोंब. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायापोरी ते डोक्यावर घेऊन तलावावर येतात, शिरवतात आणि थोडे कोंब एकमेकींच्या कानावर खोवतात. खोवले की जन्माची मैत्री. मग एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, 'भोजली' म्हणायचं.

तर आमच्या बॅचने तलाव साफ करून देतो म्हटलं. समिती नको म्हणाली. पोरं पाण्यात धुडगूस घालतील, मासे मरतील. तेव्हा सुकवारा समितीच्या बैठकीत उभी राहिली. मी मागे बसले होते. ती म्हणाली, एकही मासा मरणार नाही, माझी जबान. आम्ही दोघी सोडून बैठकीत एकही बाई नव्हती. वडिलांनी होकारार्थी मान हलवली. त्या एका शब्दावर आम्हाला तलाव मिळाला.

म्हणून पांढऱ्या साक्यापेक्षा मला तिच्या चेहऱ्याची धास्ती वाटत होती.

"बांबू आण," मी म्हटलं. "लांब वाला."

बांबू आणला रोशनने. हा रोशन मेश्राम, त्याचे आजोबा भंडाऱ्याहून रोलिंग मिलमध्ये आलेले. घरी आजी मराठी बोलते. पोट्ट्याला समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. बांबू हातात देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिथेच मला शंका आली.

बांबू तळाशी घातला तर तो गादीत रुतल्यासारखा रुतला. हलवला, तशी बुडबुड्यांची रांग वर आली आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. बांबूच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पोत्याचा तुकडा लागून आला.

"हे काय होय रे?"

रोशन बांबूचं टोक पुसायला लागला.

"रोशन, मी तुले विचारून राहिली. खाली काय आहे?"

"चुंगड़ी है दीदी," तो म्हणाला. चुंगडी म्हणजे पोतं. एवढा एक शब्द त्याला आजीकडून आला असावा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जलपर्णी काढून पोरांनी काठावर ढीग लावले होते. ते उचलायला पालिकेचा ट्रॅक्टर येणार होता. तेवढ्यात आमचे प्रोजेक्ट हेड सबनीस सरांचा फोन बॅचला गेला. सर पुण्याचे, स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना सगळं जग फोटोत दिसतं. "व्हिजिटच्या दिवशी काठावर एक पान दिसता कामा नये," असं त्यांनी बजावलं. इकडे ट्रॅक्टरचा ड्रायव्हर राखीसाठी बहिणीच्या गावाला गेलेला. तेव्हा या बहाद्दरांनी सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या गोळा केल्या. प्रत्येकीत तळाला स्लॅग भरला. स्लॅग म्हणजे भट्टीतून निघणारा दगडासारखा मळ. बीरगांवात गल्लीतले खड्डे त्यानेच बुजवतात, फुकट मिळतो. वर जलपर्णी ठासली, तोंडं बांधली आणि सगळ्या चुंगड्या पिंपळाखालच्या खोल कोपऱ्यात बुडवल्या. मी आल्यावर विचारलं होतं, ढीग कुठे गेले? "हो गया दीदी," असं उत्तर मिळालं. काठ लख्ख, पाणी लख्ख. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"कोणाचं डोकं हे?" मी ओरडलेच.

"मेरा," सुकवारा म्हणाली.

मी बांबू खाली टाकला.

"आपने ही सिखाया था ना दीदी. पत्ता-कचरा दबा दो तो खाद बनती है. मैं सोची नीचे खाद बनेगी, मछली खाएगी."

खताचा खड्डा मीच शिकवला होता. खड्डा उघडा असतो, वरखाली करतात, त्यात हवा खेळते. तलावाच्या तळाशी हवा येते कुठून? तिथे कचरा सडायला लागला की आजूबाजूच्या पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. माशांच्या तोंडचा घास. त्यात अनेक दिवस ऊन नाही. ऊन असलं की पाण्यातलं बारीक शेवाळ दिवसा ऑक्सिजन बनवतं. रात्री मात्र सगळेच फक्त घेतात, देत कोणीच नाही. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाणी सर्वात कंगाल असतं. आज सकाळी फक्त कोपरा पांढरा होता. उद्याच्या पहाटेपर्यंत तो पांढरेपणा किती पसरेल, याचा मी काठावर हिशेब करत होते.

एवढ्यात निषाद काका आले. डोक्यावर कोंड्याची टोपली, माशांना घालायला. मागे समितीतले दोन-चार जण. वास त्यांच्याही नाकात गेलाच.

"का होगे नोनी?" त्यांनी लेकीला विचारलं. का होगे म्हणजे काय झालं, नोनी म्हणजे पोरी.

ती बोलायच्या आतच मागून एक जण तावातावाने ओरडला, "फैक्ट्री वाला मन पानी छोड़ दिस होही! चलो गेट मा!"

फॅक्टरीवाल्यांनी पाणी सोडलं असेल, चला गेटवर. आणि बघता बघता तेच खरं झालं. बीरगांवात हे बोलायला पुरावा लागत नाही. पाणी नासलं, फॅक्टरी. खोकला झाला, फॅक्टरी. बऱ्याचदा ते चूकही नसतं. माणसं जमली. कोणी काठी आणली, कोणी आणखी चार जणांना हाका मारायला धावला. रोशन माझ्या कानाशी आला.

"दीदी, बोलने दो ना. फैक्ट्री वाले कौन-से साधु हैं?"

खरं सांगायचं तर मला क्षणभर हायसं वाटलं. कोणी काही विचारणार नाही. पोरांचं नाव वाचेल, संस्थेचं वाचेल. गेटवर दोन घोषणा होतील, साहेब दोन दिवस चिडतील, विषय संपेल. पण चुंगड्या तिथेच राहतील. आणि माणसं गेटवर गेली तर पंप लावायला काठावर कोण उरणार?

मी तोंड उघडलं. त्याआधी सुकवारा पुढे झाली.

"नई ददा," ती म्हणाली. "हमन करे हन."

नाही बाबा, आम्हीच केलंय. मग तिने सगळं सांगितलं, चुंगड्या, स्लॅग, खत. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. काठी आणणाऱ्याने काठी खाली टेकवली, मग काय करावं न कळून तिच्यावरच रेलून उभा राहिला.

निषाद काकांनी टोपली डोक्यावरून उतरवली.

"तैं जबान दे रेहे, नोनी."

"हव ददा. तेखरे सेती बतावत हंव."

हो, म्हणूनच सांगतेय. एवढंच ती म्हणाली. मला रडू यायला लागलं आणि रडायला वेळ नव्हता.

समितीतल्या त्या तावातावाच्या माणसाचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता जाळं टाका. मासे लहान असले तरी बाजारात जे मिळेल ते मिळेल. दुसरा म्हणाला, आधी त्या चुंगड्या ओढून काढा. जाळं ओढा की चुंगड्या ओढा, तळाचा काळा गाळ उठणार आणि उरलासुरला ऑक्सिजन तो खाऊन टाकणार. आगीतून फुफाट्यात. मी ते सांगायला सुरुवात केली, तर निषाद काकांनी मला हात दाखवून थांबवलं.

"मॅडम, रुको." मग लेकीकडे वळले. "तैं बता. का करबो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी जीभ दातांखाली धरली. माझ्यासारख्या बाईला ते किती जड जातं, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

"जाल झन डार," ती म्हणाली. "चिखला उठही. पहिली हवा देबो. चुंगड़ी काली निकालबो, धीरे-धीरे."

जाळं टाकू नका, चिखल उठेल. आधी हवा देऊ, चुंगड्या उद्या काढू, सावकाश. मी सांगणार होते ते हेच होतं. एक शब्द कमी नाही.

निषाद काकांनी पाण्याकडे पाहिलं. आज जाळं टाकलं तर थोडं तरी हाती लागणार होतं. थांबायचं म्हणजे सगळंच जायची तयारी ठेवायची. मग ते काठावरच्या रखवालीच्या झोपडीकडे गेले आणि छपराचा पत्रा उचकटायला लागले. वर पावसाचं आभाळ, आणि हा माणूस स्वतःचं छप्पर काढतोय. ते का, हे कोणाला विचारावं लागलं नाही. हवा द्यायची म्हणजे पाणी पंपाने उचलायचं, तिरक्या पत्र्यावर उंचावरून सोडायचं. पाणी फुटतं, पसरतं, हवा घेऊन खाली पडतं. हे सगळं बॅचने एकदा ऑफिसच्या नळाखाली करून पाहिलं होतं, आणि सुकवाराने घरी सांगितलं असणार.

पत्रा मिळाला. पंप कुठून आणायचा?

राखीच्या दिवशी रायपूरच्या गोल बाजारात मिठाई मिळते, पंप मिळत नाही. भाड्याने देणारे सगळे बहिणींकडे. पाऱ्यात एक टेंट हाउसवाला होता, लग्नाच्या मैदानात पाणी साचलं तर उपसायला त्याच्याकडे डिझेल पंप होता. रोशन आणि मी गेलो. तो नवे कपडे घालून दारात बसलेला.

"आज छुट्टी है मॅडम. त्योहार के दिन मशीन नहीं निकालता."

मी विनवलं, मग रागावले, मग पुन्हा विनवलं. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात मागून सुकवारा आली. कोणाकडून तरी राखी मागून आणली होती तिने. काही न बोलता त्याच्या मनगटाला बांधली, वाकून नमस्कार केला.

"भैया, पंप."

तो मनगटाकडे बघत बसला. घरातून त्याची बायको खदखदून हसली. पंपाबरोबर डिझेलही मिळालं.

पंपाचा पाइप पाण्यात सोडताना रोशन तो तळापर्यंत नेत होता. मी जोरात ओरडले. तळाचं पाणी खेचलं तर गाळही खेचला जातो. मग पाइपाला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधला आणि तो वरच्या पाण्यात तरंगत ठेवला. पंप सुरू झाला, पत्र्यावर पाणी फुटलं. निषाद काकांनी कोंड्याची टोपली घरी परत पाठवली. आज माशांना खायला काही नाही, कारण उरलेलं खाणंही सडतंच.

तेवढ्यात सबनीस सरांचा फोन.

"मॅडम, उद्याचं सगळं रेडी ना?"

"नाही सर. तलावाला दम लागला आहे."

"म्हणजे?"

"ऑक्सिजन संपत आलाय. पंप लावून राहिलो आम्ही."

"पंप? काठावर? अहो, मागे पत्रे, पाइप, फोटो कसा येणार? एक दिवस थांबता येणार नाही का?"

"मासे व्हिजिटची तारीख पाहून मरत नाहीत सर."

मग, "बरं, आपण साहेबांना ऑफिसमधला खताचा खड्डा दाखवू. तलाव स्किप करू."

"दाखवा. पण बॅच इथून हलणार नाही. खड्ड्याशेजारी तुम्हालाच उभं राहावं लागेल."

"फार तोडून बोलता तुम्ही."

"हो सर."

संध्याकाळी मी घरी पोचले तर माझा भाऊ गोंदियाहून येऊन सोफ्यावर कंटाळून बसला होता.

"ताई, मी सकाळपासून बसून राहिलो. काहून एवढा उशीर?"

मी तशीच राखी बांधली. त्याने हात मागे ओढला. "हाताले काय वास येऊन राहिला तुझ्या!"

साबण लावून झालं, लिंबू लावून झालं, वास जाईना. जेवण जाईना. पंप बंद पडला तर? पावसाने पत्रा सरकला तर? रोशनला फोन केला, तो म्हणाला, "चालू है दीदी, सो जाओ." पोट्टं मला झोपायला सांगत होतं.

फटफटायला लागलं तशी स्कूटर काढली. उजेड नीट आला नव्हता, पण पंपाचा आवाज दुरूनच ऐकू आला आणि मी स्कूटरवरच एकटी "चालू आहे, चालू आहे" म्हणत राहिले. काठावर रोशन, निषाद काका, समितीतला तो तावातावाचा माणूसही. त्याच्याच हातात डिझेलचा कॅन होता.

तलावाकडे पाहिलं. मासे वर आले होते. पत्र्यावरून पाणी पडत होतं तिथे तोंडांची गर्दी. कतल्यांची मोठाली तोंडं उघडत होती, मिटत होती. पाण्यात हवा कमी पडली की मासे असेच वर येऊन ओढतात. पिंपळाच्या कोपऱ्यात मात्र हालचाल नव्हती. तिथे पांढरी पोटं तरंगत होती. टोपलीभर तरी असावेत.

सुकवारा ते मेलेले मासे एक एक करून वेचत होती. मी जवळ गेले. तिने मान वर केली नाही.

"एक भी नहीं बोली थी मैं," ती म्हणाली.

मी टोपली धरली.

मग पांढरेपणा कुठवर पसरलाय ते बघायला तलावाच्या मधल्या पाण्याने बाटली भरली. औषधं टाकली. आम्ही सगळे त्या बाटलीभोवती असे उभे, जसे आयसीयूच्या दाराशी नातेवाईक. साका बसायला वेळ लागतो. तो वेळ फार वाईट. माझ्या पायाने आपोआप जमिनीवर ताल धरला होता, निषाद काकांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा तो थांबवला.

तपकिरी. फिकट, दूध जास्त पडलेल्या चहासारखा. पण तपकिरी.

"भूरा हे," निषाद काका म्हणाले आणि खाली बसले.

ऊन पडायला नऊ वाजून गेले. ते पडल्यावर आम्ही चुंगड्या काढायला घेतल्या. एका वेळी एकच. न हलवता, दोरी लावून, हळू. बाहेर आली की काळं पाणी गळायचं आणि लोक नाकाला पदर लावून पळायचे. काठावर चुंगड्यांची रांग लागली. ट्रॅक्टर अजून बहिणीकडेच होता.

आणि दुपारी गाडी आली. सरांनी खताचा खड्डा दाखवला होताच, पण साहेबांना भोजली बघायची होती. सबनीस सर उतरले, चुंगड्या बघितल्या, वास घेतला आणि त्यांचा चेहरा त्या चुंगड्यांपेक्षा काळा पडला. सुकवाराला द्यायला त्यांनी भाषणाचा कागद आणला होता. तो खिशातच राहिला.

"ये क्या हुआ?" साहेबांनी विचारलं.

"सर, थोड़ा नॅचरल प्रोसेस..." सबनीस सर म्हणायला लागले.

"नहीं सर, ये हमने किया," सुकवारा म्हणाली. तिच्या एका हातात आदल्या सकाळची पांढरी बाटली, दुसऱ्या हातात पहाटेची तपकिरी. काल वडिलांना सांगितलं तेच तिने साहेबांना सांगितलं, मेलेल्या माशांसकट. टोपली कुठे आहे तेही दाखवलं. आज आवाज कापला नाही.

साहेब लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ते हसले.

"अच्छा! मतलब इस बार हमारा नाम नहीं आएगा."

सबनीस सर हसले. सोबतचे लोक हसले. मी ओठ ताणले.

सुकवारा हसली नाही.

"इस बार नहीं सर," ती म्हणाली. "पर अब हमको जाँचना आता है."

साहेबांनी तिच्या हातातून पांढरी बाटली घेतली, उजेडाकडे धरली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिली. मग घड्याळ पाहिलं. निषाद काका मागे उभे होते. त्यांना हिंदी चांगलं येतं. त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. माझ्या माहितीत त्या माणसाने यापेक्षा जास्त कौतुक कधी कोणाचं केलेलं नाही.

संध्याकाळी भोजली आली. सुकवाराने बायकांना विनंती केली, टोपल्या पाण्यात बुडवा, नमस्कार करा, पण कोंब पाण्यात सोडू नका, काठावर ठेवा. म्हाताऱ्या कुरकुरल्या. मग त्यांनी चुंगड्यांचा वास घेतला आणि ऐकलं. जाताना सुकवाराने दोन कोंब माझ्या कानावर खोवले. तेव्हापासून तिचं नाव मी तोंडाने घेत नाही. इथे लिहिताना घेतलं, ते चालतं असं तिनेच सांगितलंय.

पुढच्या वर्षीचे पैसे आले. रिपोर्टमध्ये आमचा फोटो आहे, चुंगड्या कापून टाकलेला. समितीने नियम केला की बाटली बघितल्याशिवाय तलावाला कोणी हात लावायचा नाही, आणि बाटली बघायचं काम माझ्या भोजलीचं. बीरगांवात आता पाणी नासलं की लोक काठी आणायला धावतात ते आधी तिच्या दारावरून जातात. "सफेद के भूरा?" विचारतात. ती जे सांगेल त्यावर गेटवर जायचं की नाही ते ठरतं. गेटवरच्या साहेबांनाही ते माहीत आहे. आपल्या चुकीचा साका जिने भर गर्दीत दाखवला, तिच्या बाटलीला खोटी म्हणायची सोय त्यांना राहिलेली नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी शिकवण्यात दोन बदल केले. खताच्या धड्याआधी हवेचा धडा घेते. आणि व्हिजिटच्या आधी काहीही साफ करत नाही. झाडू मारायचाच असेल तर पाहुणे गेल्यावर.